अमेरिकन हायस्कूलचे पहिले सत्र : नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत आलेल्या मराठी कुटुंबात नववी ते बारावीच्या वयाचे मूल असेल, तर पालकांची चिंता बहुधा गणित, विज्ञान आणि पुढचा विद्यापीठप्रवेश यांभोवती फिरत राहते. अभ्यासाची बाजू आपली मुले थोड्याच दिवसांत सांभाळून घेतात. अडते ते दोन तासांमधल्या पाच मिनिटांत, जेवणाच्या सुट्टीत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या ‘होमकमिंग’ नावाच्या त्या एका आठवड्यात, जेव्हा सगळी शाळा पायजमे घालून वर्गात बसते आणि संध्याकाळी ट्रेलरवर कागदाची फुले खोचते. पहिल्या सत्रात या गोष्टी ज्या क्रमाने समोर येतात, त्याच क्रमाने त्या येथे दिल्या आहेत. त्यामागचे मत आधीच सांगितलेले बरे : हॉलवेत, म्हणजे वर्गांबाहेरच्या बोळात, झालेली ओळख तिथल्या तिथे फारशी वाढत नाही, ती वाढते एखादे काम चारचौघांबरोबर केल्याने, आणि म्हणून नव्या विद्यार्थ्याने आधी काम शोधावे.

शाळा सुरू होण्यापूर्वी

सार्वजनिक हायस्कूल विनामूल्य असते आणि शाळा कोणती मिळणार हे सहसा घराच्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे घर भाड्याने घेण्याआधी तो पत्ता कोणत्या शाळेच्या हद्दीत येतो, हे स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर पाहून घ्यावे. नावनोंदणीसाठी भाडेकरार किंवा विजेचे बिल, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि आधीच्या शाळेची गुणपत्रके लागतात. शाळा बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुरू होते. जुलैच्या अखेरीस कागदपत्रे दिली, तर समुपदेशकाला, म्हणजे विषय आणि वेळापत्रक ठरवून देणाऱ्या शाळेच्या कौन्सेलरला, वेळापत्रक नीट बसवता येते.

गुणपत्रकांबाबत आपल्याकडचे पालक एका ठिकाणी हमखास चुकतात. महाराष्ट्रात दहावीची गुणपत्रिका जपून ठेवली जाते आणि नववीची कुठेतरी हरवते. अमेरिकेत हायस्कूल नववीपासून मोजले जाते, चारही वर्षांचे गुण विद्यापीठाकडे जातात, त्यामुळे नववीची गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह आणणे अत्यावश्यक आहे. गुणपत्रिका मराठीत असेल, तर तिचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवावे. शिवाय, आपल्याकडे ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य आणि ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते, तर येथे अनेक शाळांत ७५ टक्के म्हणजे जेमतेम ‘सी’ श्रेणी. हा फरक समजावून सांगणारे मुख्याध्यापकांचे पत्र भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावे. ते नसेल तर चांगल्या विद्यार्थ्याच्या नावावर सामान्य श्रेण्या चढतात आणि नंतर त्या उतरवणे कठीण जाते.

लसीकरणात कांजिण्यांची लस बहुधा राहिलेली असते, कारण ती भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. किशोरवयातली धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची एकत्रित लसही अनेकांनी घेतलेली नसते. काही ठिकाणी क्षयाची चाचणी मागतात. लहानपणी बीसीजी टोचलेल्या मुलाच्या त्वचेवर केलेली चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते, म्हणून त्याऐवजी रक्तचाचणी करावी असे डॉक्टरांना सुचवावे. नावनोंदणीच्या अर्जात घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न असतो. तिथे ‘मराठी’ लिहिले की शाळा मुलाची इंग्रजीची चाचणी घेते. ती टळावी म्हणून काही पालक ‘इंग्रजी’ असे लिहितात, पण तशी गरज नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले ती चाचणी सहसा पार करतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्या चाचणीमुळेच हक्काची मदत मिळते.

पहिला आठवडा

आपल्याकडे वर्ग एका जागी बसतो आणि शिक्षक येऊन जातात. येथे शिक्षक आपल्या खोलीत राहतात आणि विद्यार्थी फिरतात. प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे असल्याने ‘आमचा वर्ग’ अशी गोष्टच उरत नाही, आणि नव्याने आलेल्याला एकटेपणा वाटतो तो मुख्यतः यामुळे. नवव्या इयत्तेला फ्रेशमन, दहावीला सोफोमोर, अकरावीला ज्युनियर आणि बारावीला सीनियर म्हणतात, परंतु गणिताच्या एकाच तासाला चारही इयत्तांचे विद्यार्थी असू शकतात. शाळा उघडण्याच्या आधी नव्या विद्यार्थ्यांसाठी एक दिवस ठेवलेला असतो. त्या दिवशी वेळापत्रकाचा कागद हातात घेऊन प्रत्येक खोलीपर्यंत एकदा चालून यावे आणि लॉकरही उघडून पाहावे. तीन आकड्यांच्या फिरत्या कुलपाची रीत अशी : उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेरे देऊन पहिल्या आकड्यावर थांबायचे, मग डावीकडे फिरवत पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर थांबायचे आणि शेवटी उजवीकडे थेट तिसऱ्यावर यायचे. अर्थात अनेक शाळांत मुले आता लॉकर वापरतच नाहीत आणि सगळे पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊन हिंडतात.

नावाचा प्रश्न पहिल्याच हजेरीला येतो. आपल्याकडच्या पासपोर्टात पुष्कळदा मुलाचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात असते, त्यामुळे शाळेच्या नोंदीत ‘अथर्व संजय’ हेच पहिले नाव होऊन बसते. नोंदणीच्या वेळीच हाक मारण्याचे नाव वेगळे नोंदवून घ्यावे. शिक्षकाने उच्चार चुकवला तर तिथेच, सौम्यपणे, एकदा नीट म्हणून दाखवावे. पहिल्या आठवड्यात कोणालाही त्याचे वाईट वाटत नाही. जानेवारीत सांगितले तर मात्र दोघेही अवघडतात. शिक्षकांना ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ लावून आडनावाने संबोधतात. नुसते ‘सर’ किंवा ‘मॅम’ म्हणणे दक्षिणेकडच्या राज्यांत अदबीचे मानले जाते, इतरत्र थोडे वेगळे वाटते इतकेच. शिक्षक आत आल्यावर उभे राहायचे नसते.

बहुतेक शाळांत सकाळी ध्वजापुढे प्रतिज्ञा म्हटली जाते. ती म्हणण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली दिलेला आहे. परदेशी नागरिक असलेल्या मुलाने शांतपणे उभे राहिले तरी पुरते.

शिस्तीच्या काही बाबी मात्र आधी ठाऊक असल्याच पाहिजेत, कारण त्यांत अनवधान ही सबब चालत नाही. डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा बहुतेक शाळांत दप्तरात ठेवता येत नाही. औषध पालकांच्या सहीने शाळेच्या नर्सकडे द्यावे लागते. फळ कापायची छोटी सुरी डब्यात गेली, तर ती शस्त्र मानली जाऊ शकते. मारामारी, बंदूक किंवा बॉम्ब यांवरचा विनोद शाळा गांभीर्याने घेते आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. मित्राचा गृहपाठ उतरवून काढणे ही आपल्याकडे जवळजवळ मैत्रीची खूण असते, येथे ती फसवणूक ठरते आणि उतरवू देणाराही तितकाच दोषी धरला जातो. फोनचे नियम राज्यागणिक कडक होत आहेत. न्यूयॉर्क राज्यात सप्टेंबर २०२५ पासून पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन वापरण्यास बंदी आहे.

हॉलवेत कसे वागावे

दोन तासांमध्ये साधारण चार ते सात मिनिटे असतात. एवढ्यात हजार-दोन हजार मुले एकाच वेळी बाहेर पडतात, पाणी पितात, स्वच्छतागृहात जातात आणि दुसऱ्या टोकाची खोली गाठतात. उजव्या बाजूने चालावे, जिन्याच्या तोंडाशी किंवा दारात थांबू नये, मागून कोणी येत असेल तर दार क्षणभर धरून ठेवावे आणि धक्का लागला की चूक कोणाचीही असो, ‘सॉरी’ म्हणावे. तास चालू असताना बाहेर पडायचे तर शिक्षकाकडून हॉल पास घ्यावा लागतो. तो नसताना फिरणारा विद्यार्थी कोणाच्याही नजरेत भरतो.

समोरून येणारा ‘व्हॉट्स अप’ किंवा ‘हाउज इट गोइंग’ म्हणतो तेव्हा त्याला आपली खुशाली सविस्तर ऐकायची नसते. ‘नॉट मच’ किंवा ‘गुड, यू?’ एवढे म्हणत चालत राहावे. पाय थांबवायचे नाहीत. आपल्या मुलांना हे सुरुवातीला तुटक वाटते आणि काही जण त्याचा अर्थ ‘हा माझ्याशी बोलू इच्छित नाही’ असा घेतात, पण तसे काही नसते. उलट, तोच मुलगा रोज त्याच वळणावर मान हलवत असेल, तर ती ओळखच आहे, आणि त्याचे नाव घेऊन ‘हे’ म्हणण्याइतके पुढे जायला हरकत नाही. खरे बोलणे घंटा झाल्यावर, वर्गात शिक्षक हजेरी घेण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत, शेजारच्या बाकावरच्याशी होते. त्यासाठी सर्वांत सोपा विषय म्हणजे नुकताच झालेला गृहपाठ.

अंतर किती ठेवायचे याचाही विचार करावा. हातभर अंतर राखून बोलणे येथे स्वाभाविक आहे. मित्राच्या खांद्यावर हात टाकून चालणे किंवा बोटात बोट अडकवून फिरणे आपल्याकडे निखळ मैत्रीचे असते, येथे पाहणारे त्याचा वेगळा अर्थ लावू शकतात. कोणाच्या वजनाबद्दल, रंगाबद्दल किंवा मुरुमांबद्दल काळजीपोटीसुद्धा बोलू नये. ‘तुला किती पडले?’ हा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो. मुले एकमेकांना तो विचारतात, नाही असे नाही, पण ओळख मुरल्यावर. शिक्षक तर वर्गात कोणाचेही गुण मोठ्याने वाचत नाहीत, कारण विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी गोपनीय ठेवण्याचा संघीय कायदा १९७४ पासून आहे.

न्यू जर्सीतील एडिसन, टेक्सासमधील फ्रिस्को किंवा कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो अशा ठिकाणी शाळेत भारतीय मुले पुष्कळ असतात, आणि तिथे अडचण निराळी असते. इथे जन्मलेली देसी मुले नव्याने आलेल्याच्या उच्चारांवर कधीकधी इतरांपेक्षा अधिक हसतात. त्याचा फार बाऊ करू नये, पण केवळ आडनाव ओळखीचे आहे म्हणून त्यांच्यातच शिरण्याचा अट्टहासही करू नये. आणि मराठी बोलणारा मित्र भेटलाच, तर त्याच्याशी मराठीत खुशाल बोलावे. तिसरा कोणी शेजारी येऊन उभा राहिला की इंग्रजीवर यावे.

जेवणाची सुट्टी

हॉलवेपेक्षा कॅफेटेरिया अवघड, कारण तिथे बसावे लागते. सुट्टी अर्ध्या तासाच्या आसपास असते आणि मोठ्या शाळांत पाळ्यांनी दिली जाते, त्यामुळे तासाला भेटणारा मित्र जेवताना भेटेलच असे नाही. पहिल्या दिवशी, आदल्या तासाला ज्याच्याशी दोन शब्द बोलणे झाले त्याला दारातच ‘मी तुमच्याबरोबर बसू का?’ असे विचारावे. ट्रे हातात घेऊन मधोमध उभे राहण्यापेक्षा हे सोपे जाते. जागा न मिळाल्यास ग्रंथालय किंवा एखाद्या शिक्षकाची उघडी खोली हा सन्मान्य पर्याय आहे. पुष्कळ क्लबांच्या बैठकी याच वेळात होतात. डब्यातले शेअर करताना आधी विचारावे, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला आपली लसणाची किंवा दाण्याची चटणी खरोखर घातक ठरू शकते. पोळीभाजीची लाज वाटण्याचे दिवस बऱ्याच अंशी मागे पडले आहेत.

हाताला काम शोधणे

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्लब फेअर, म्हणजे शाळेतल्या क्लबांचा मेळा, भरतो. सगळ्या टेबलांवर नाव लिहून येण्यात अर्थ नाही. दोनच निवडावेत, त्यांतला एक असा असावा ज्यात शरीराने राबावे लागते. रंगमंचामागची नेपथ्याची तुकडी, रोबोटिक्स, वार्षिकांकाचे काम हे उत्तम. खेळांपैकी क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याची धाव, अनेक शाळांत निवडचाचणीशिवाय सर्वांना खुली असते, आणि रोज दुपारी तासभर एकत्र धावणारी मुले आठवड्याभरात एकमेकांना ओळखू लागतात. खेळासाठी डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातील आरोग्यदाखला लागतो आणि सराव शाळा उघडण्याआधीच सुरू होतो, हे लक्षात ठेवावे.

होमकमिंग आणि चित्ररथ

होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या सामन्यासाठी परत येण्याचा सोहळा. त्याची सुरुवात विद्यापीठांत झाली. मिझुरी विद्यापीठ १९११ च्या सामन्याकडे बोट दाखवते, तर बेलर विद्यापीठ १९०९ आणि इलिनॉय विद्यापीठ १९१० हे साल सांगते. हायस्कूलांत तो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच्या एखाद्या आठवड्यात होतो. सोमवारपासून रोज वेगळ्या वेशाचा दिवस, शुक्रवारी व्यायामशाळेत घोषणांची सभा, मिरवणूक, रात्री अमेरिकन फुटबॉलचा सामना आणि शनिवारी नृत्य, असा साधारण क्रम असतो. वेशाच्या दिवशी खर्च करू नये. पायजमा घरात असतोच, आणि शाळेच्या रंगाचा एक टी-शर्ट चारही वर्षे पुरतो.

या सगळ्यात नव्या विद्यार्थ्याने चुकवू नये असे काही असेल, तर ते चित्ररथाचे काम. अनेक शाळांत प्रत्येक इयत्ता आपला चित्ररथ बनवते आणि त्यांच्यात स्पर्धा असते. कुठे क्लबही बनवतात. कामाची जागा म्हणजे कोणाच्या तरी घरचे गॅरेज, गोदाम किंवा शेतावरचे कोठार. तिथे जाण्यासाठी कोणाच्या आमंत्रणाची वाट पाहू नये. इयत्तेच्या पदाधिकाऱ्यांना किंवा जबाबदार शिक्षकांना ‘मदतीला कधी येऊ?’ एवढे विचारले की पत्ता आणि वेळ मिळते, कारण मनुष्यबळ नेहमीच कमी पडत असते.

रचना साधी असते. खाली सपाट ट्रेलर, जो पुढे पिकअप ट्रक ओढतो. त्यावर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि प्लायवूड. आकाराला गोलाई हवी तिथे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी छिद्रांची जाळी वाकवून बसवतात. मग टिश्यू पेपरचे चौकोनी तुकडे बोटावर गुंडाळून प्रत्येक छिद्रात खोचायचे. हे काम हजारो छिद्रांचे असते, त्यात कौशल्य जवळजवळ लागत नाही आणि हात चालू असताना तोंड मोकळे राहते. नव्या मुलासाठी याहून चांगली बैठक नाही : बोलण्याचा विषय समोर असतो, गप्प बसले तरी अवघडल्यासारखे होत नाही आणि दुसऱ्या दिवशी हॉलवेत मान हलवणारे पाच-सहा जण वाढलेले असतात. ट्रेलरची चाके झाकण्यासाठी खाली झालर लावतात, जाळी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधतात आणि कापड स्टेपल गनने ठोकतात. जाळीची टोके हाताला ओरखडे काढतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालावा. क्रेप कागदाचा रंग पावसात सुटतो. हवामान पाहून ताडपत्री जवळ ठेवावी.

गणपतीचे मखर करताना कागद कातरलेल्या, रांगोळीचा मोठा आकार हिशेबाने जमिनीवर उतरवलेल्या मुलाला येथे अचानक भाव येतो. चौकटी आखून लहान रेखाटन मोठ्या फळ्यावर नेणे, अक्षरे समान अंतराने मांडणे, या गोष्टी सर्वांना येत नाहीत. त्या येत असतील तर संकोच न करता सांगावे. डोंबिवली किंवा गिरगावातील पाडव्याच्या शोभायात्रा पाहिलेल्यांना चित्ररथ नवा नाही. फरक असा की येथे विषय बहुधा प्रतिस्पर्धी संघाच्या शुभचिन्हाची खिल्ली उडवणारा असतो. विषय ठरताना कोणाच्या वंशाची किंवा धर्माची थट्टा होते आहे असे वाटले, तर जबाबदार शिक्षकांच्या कानावर घालावे. मिरवणूक निघाल्यावर बोलण्यात उपयोग नसतो.

एक व्यावहारिक अडचण मराठी घरांत दर वर्षी उद्भवते. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव सोयीसाठी शनिवार-रविवारी होतो आणि चित्ररथाचे कामही बरेचसे त्याच दिवशी चालते. मुलाला दोन्हींपैकी एक पूर्ण सोडायला लावू नये. आरतीला आणावे आणि नंतर गॅरेजवर सोडावे, हे जमण्यासारखे आहे.

मिरवणुकीच्या दिवशी नियम कडक असतात. चालक प्रौढ हवा, ट्रेलरवरच्यांनी बसून किंवा आधाराला धरून राहायचे, पाय बाहेर सोडायचे नाहीत, चालत्या ट्रेलरवरून उतरायचे नाही, आणि चाकांजवळ लहान मुले येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना माणसे चालतात. जनरेटर असेल तर अग्निशामक नळकांडे लागते. गोळ्या-चॉकलेटे फेकण्याची जुनी रीत अनेक गावांनी बंद केली असून ती चालत जाऊन हातात दिली जातात. हे वाटपाचे काम नव्या विद्यार्थ्याने मागून घ्यावे. वर बसण्याच्या जागेसाठी चढाओढ असते, याला सहसा नसते.

सामना आणि नृत्य

सामना बारा मिनिटांच्या चार भागांचा असतो, पण घड्याळ सारखे थांबत असल्याने अडीच तास लागतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, गेले तर पुन्हा चार प्रयत्न, शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. एवढे माहीत असले की शेजारच्याला बाकीचे विचारता येते, आणि त्याला ते समजावून सांगायला आवडते. विद्यार्थ्यांसाठी वेगळे गॅलरीखंड असते. पालकांनी त्यात बसू नये. मध्यंतरात बँडचे संचलन आणि मतदानाने निवडलेल्या सीनियर मुलामुलींचा मुकुटसोहळा होतो. टेक्सासमध्ये मुली होमकमिंगसाठी शेवंतीच्या फुलाभोवती रिबिनी, घंटा आणि खेळणी लावलेले प्रचंड तुरे छातीवर मिरवतात.

नृत्याच्या रात्रीविषयी पालकांना वाटणारी भीती बहुधा प्रत्यक्षाहून मोठी असते. नृत्य सहसा शाळेतच असते, शिक्षक आणि पालक देखरेख करतात, ओळखपत्र तपासले जाते आणि एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेत नाहीत. जोडीदार असावाच लागतो असे नाही. पाच-सात जणांचा गट मिळून जेवायला जातो, फोटो काढतो आणि नाचायला येतो, हीच आज सर्वसाधारण रीत आहे. पालकांनी गट कोणाचा, गाडी कोण चालवणार आणि नृत्यानंतर कुठे जाणार, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत आणि परत आणायला स्वतः जावे. तिकिटे आधी काढावी लागतात, आणि ग्रंथालयाचा दंड थकला असेल तर काही शाळा ती देत नाहीत.

नोव्हेंबरनंतर

होमकमिंग सरले की हिवाळी खेळांच्या निवडचाचण्या आणि नाटकाची तयारी सुरू होते. चित्ररथाच्या गॅरेजमध्ये ओळख झालेल्यांना ते कुठे जाणार आहेत, असे विचारून त्यांच्याबरोबर जावे. सोळा वर्षांचे झाल्यावर वर्गमित्र दुकानांत, उपाहारगृहांत नोकऱ्या धरू लागतात. एच-४ व्हिसावरील, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकावर अवलंबून असलेल्या, मुलाला पगारी काम करता येत नाही, उन्हाळ्यातली सशुल्क इंटर्नशिपसुद्धा नाही, आणि हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे. स्वयंसेवा करता येते. मेरीलँडसारख्या राज्यात पदवीसाठी ७५ तासांचे सेवाशिक्षण सक्तीचेच आहे. पुढील वर्षाचे विषय निवडण्याचे अर्ज बहुतेक शाळांत जानेवारी ते मार्चदरम्यान निघतात, म्हणून डिसेंबरच्या सुट्टीआधी समुपदेशकाची वेळ घ्यावी आणि त्या भेटीत मराठीसाठी परदेशी भाषेचे श्रेयगुण मिळण्याची सोय आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे का, हेही विचारून घ्यावे.